मादी पिल्लं खातेय? रॅटचं वेत हातचं जाऊ लागलं की आधी काय तपासायचं

"ताई, परत खाल्ली. अकराची अकरा."

रात्री साडेअकराला नाशिकहून एका मुलाचा फोन. त्याच्याकडे एक बॉल पायथन साप आणि सापाच्या खाण्यासाठी पाळलेल्या चार रॅट माद्या. ओळीनं तिसरं वेत असं गेलं होतं आणि ही मादीच वाईट, तिला बदलायची, असं त्यानं ठरवूनही टाकलं होतं. मी विचारलं, "कालपासून बाटलीतलं पाणी किती उतरलंय?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग रॅट ठेवलेला टब रॅकमधून ओढल्याचा आवाज. "उतरलंच नाही, ताई."

चिंचवडला माझ्या घरी दोन बॉल पायथन आणि एक कॉर्न स्नेक आहे. त्यांच्यासाठी आठ वर्षं मी रॅट वाढवतेय आणि हा बिघाड माझ्याकडेही अनेकदा झालाय. एवढ्या वर्षांत पिल्लं खाणारी मादी खरोखर स्वभावानं तशी निघाली, असं मी एकदाच पाहिलं. बाकी प्रत्येक वेळी तिला पाणी, दूध येण्याइतकं खाणं, गारवा किंवा निवांतपणा यांतलं काहीतरी मिळालेलं नव्हतं. पिल्लं जगणार नाहीत असं दिसलं की ती त्यांच्यात घातलेलं परत घेते. म्हणून मादी बदलण्याआधी टब तपासा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर वेत वाचेलही, पण कशानं वाचलं ते कळणार नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तिथंच याल.

एक गोष्ट आधीच सांगते. हे सगळं परदेशी पाळीव सापांसाठी आहे. बॉल पायथन साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवी. धामण, अजगर, दिवड असे आपल्याकडचे साप घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यांना काय खायला घालू, असं कुणी विचारलं तर मी वनखात्याचा १९२६ हा क्रमांक देते, दुसरं काही नाही.

लक्षणं

टब धुवायला घेण्याआधी नीट बघा. पिल्लं कशी गेली, यावरून निम्मं कारण कळतं.

सगळं वेत एका रात्रीत नाहीसं, टबात फारसा मागमूस नाही, मादी मलूल, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते: पाणी.

रोज एक-दोन पिल्लं कमी होतायत आणि उरलेल्यांच्या पोटात दूध दिसत नाही: खाद्य, गर्दी, किंवा सडांचा आजार.

पिल्लं टबभर विखुरलेली, काही अर्धवट कुरतडलेली, घरटं विसकटलेलं: उकाडा किंवा धास्ती.

पिल्लं अख्खी, पण मेलेली, अंगावर बारीक लाल ठिपके: मुंग्या.

पहिले दहा-बारा दिवस उत्तम, मग पिल्लं खुरटतात, टबातून शिंका ऐकू येतात, मादीच्या डोळ्यांच्या कडेला लालसर खरपुडी धरते: कोंदट हवा किंवा फुप्फुसाचा आजार. ही खरपुडी रक्ताची नसते. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा तो रंगीत स्राव असतो, आणि जनावर ताणाखाली असलं की वाढतो.

पोटातलं दूध बघायला शिकलात तर अर्धं काम झालं. नवं पिल्लू पाच-सहा ग्रॅमचं, करंगळीच्या दोन पेरांएवढं, कातडी इतकी पातळ की आतलं दिसतं. पाजून झालं की त्याच्या डाव्या कुशीला, बरगड्यांच्या जरा खाली, तांदळाच्या पेजेच्या रंगाची पट्टी दिसते. हात न लावता वरून मोबाइलचा टॉर्च क्षणभर मारला तरी पुरतं. व्यायल्यानंतर बारा तासांनी निम्म्याहून जास्त पिल्लांना पट्टी नसेल तर पुढं काय होणार हे तुम्हाला मादीच्याही आधी कळलंय, आणि अजून वेळ हातात आहे.

आणि बिघाड कशाला म्हणायचं नाही तेही सांगते. मेलेलं जन्मलेलं पिल्लू मादी खाते, हे घरटं स्वच्छ ठेवणं आहे. बारातलं एखादं-दुसरं पहिल्या दिवशी गेलं तर काळजी करू नका. पहिलारू मादीनं पहिलं वेत दवडलं, तर तिला दुसरी संधी द्या. दुसऱ्या वेतापासून मात्र कारण शोधायलाच हवं.

पाणी: एक मिनिट, खर्च शून्य

तीनशे ग्रॅमची मादी एरवी दिवसाला साधारण तीस मिली पाणी पिते. दहा पिल्लं अंगावर असली की त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतं, कारण दूध म्हणजे बहुतांशी पाणीच. एरवी मंद चालणारी बाटली जिला पुरत होती, तिला व्यायल्यावर तीच बाटली पुरत नाही. म्हणून हा बिघाड नेमका व्यायल्यावरच उघडा पडतो आणि आपण दोष मादीला देतो.

गोळीवाल्या नळीची बाटली असेल तर ती उलटी लटकवा, धुतलेल्या बोटाच्या टोकानं गोळी तीनदा दाबा. तिन्ही वेळा बोट ओलं व्हायला हवं, आणि आत हवेचा बुडबुडा वर जाताना दिसायला हवा. पहिल्यांदा थेंब आला आणि नंतर थांबला, तर आत हवा अडकलीय. गोळी फिरताना किरकिरली तर क्षार धरलाय. बोअरिंगच्या पाण्यावर नळीला दोन महिन्यांत पांढरा थर येतो. ती रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, मग भरपूर पाण्यानं धुवा. कधी भुशाची एक काडी गोळीवर आडवी बसलेली असते, बाहेरून दिसतही नाही.

उलटा बिघाडही होतो. नळीचं टोक भुशाला टेकलं की भुसा पाणी शोषत राहतो, रात्रीत बाटली रिकामी आणि घरटं ओलं. उघड्या कातडीची पिल्लं ओल्यात गारठून जातात आणि बाटली रिकामी बघून आपण समजतो, वा, मादी छान पाणी पितेय. टोक भुशापासून चार बोटं वर हवं.

मी आता पाजणाऱ्या प्रत्येक टबाला दोन बाटल्या लावते आणि दोन्हींवर कागदी चिकटपट्टीची उभी पट्टी. रोज संध्याकाळी पेनानं पातळीची रेघ. हे सुरू केल्यापासून पाण्यापायी माझं एकही वेत गेलेलं नाही.

मुंग्या

परदेशी पुस्तकांत हे सापडणार नाही, पण आपल्याकडे मार्च ते जून आणि पहिल्या पावसाच्या आसपास हे कारण अगदी वरचं आहे. व्यायल्यावरच्या वारेच्या वासावर तांबड्या मुंग्या येतात. मादी एकदोन उडवते, मग घरटं हलवायला लागते, मग पिल्लं विखुरतात.

रॅकचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे मुंगी तरंगून पलीकडे जात नाही. रॅक भिंतीपासून चार बोटं लांब. थर्मामीटरची वायर भिंतीला टेकत असेल तर तोच मुंग्यांचा पूल. उकडलेल्या अंड्याचा उरलेला तुकडा त्याच संध्याकाळी बाहेर. मुंग्यांचा खडू आणि फवारा रॅकच्या जवळपासही नको, हीच जनावरं पुढे सापाच्या पोटात जाणार आहेत.

धास्ती

व्यायल्यानंतरचे पहिले चार दिवस टब ओढायचा तो फक्त खाणंपाणी घालायला. पिल्लं हाताळून मोजायची नाहीत, घरटं उघडायचं नाही, पाहुण्यांना दाखवायचं नाही. साप किंवा मांजर हाताळलं असेल तर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय टबाला हात लावू नका. शिकाऱ्याचा वास घरट्यापर्यंत पोचला की मादी हबकते.

आवाजाचं जरा सविस्तर सांगते. आपल्याला वीस किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, रॅटला त्याच्या कितीतरी वरचं येतं. मोबाइलचा स्वस्त चार्जर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, इन्व्हर्टर: आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत त्यांना सतत शिटी ऐकू येत असू शकते. रॅकजवळचं सगळं आठवडाभर बंद करून बघा, पैसे लागत नाहीत.

मोठे आवाज टाळता येत नाहीत, तिथं तारखा हलवायच्या. गाभणकाळ २१ ते २३ दिवसांचा आणि मादी चार-पाच दिवसांनी माजावर येते. दसऱ्याच्या सुमारास नर सोडला तर पिल्लं नेमकी पाडवा-भाऊबीजेच्या फटाक्यांत येतात. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली आणि तीन वेतं गेली. गणपतीत ढोल-ताशा घरावरून जात असेल तर श्रावणाच्या उत्तरार्धात नर वेगळाच ठेवा.

दिवसरात्र दिवा चालू ठेवू नका. बारा तास उजेड, बारा तास अंधार. सतत उजेडात माजाचं चक्रच बिघडतं, आणि पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या रॅटचे डोळे जातात.

उकाडा

रॅटला २० ते २६ अंश मानवतं. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता शेपटीतून बाहेर पडते, आणि फारच झालं तर ते लाळेनं अंग ओलं करतं. हनुवटी आणि छाती ओली दिसली तर पाणी सांडलंय असं समजू नका, ते जनावर तापलंय. तिशीच्या वर मादी पिल्लांवर बसायला नाखूश होते, कारण त्यांची ऊब तिला नकोशी असते. पस्तिशीच्या पुढं तिच्याच जिवाला धोका. नरांची प्रजननक्षमताही उकाड्यानं घटते, त्यामुळे मे महिन्यात तापलेल्या नरापासून जूनमध्ये वेतच येत नाही आणि लोक म्हणतात माद्या भाकड झाल्या.

कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर टबाच्या उंचीवर ठेवा. खोलीचं तापमान आणि रॅकच्या वरच्या खणाचं तापमान यात मला तीन-चार अंशांचा फरक मिळालाय. पाजणाऱ्या माद्या खालच्या खणात आणा. पत्र्याची शेड आणि पश्चिमेची गॅलरी एप्रिल-मेमध्ये सोडाच. ओलं गोणपाट आणि पंखा कोरड्या उन्हाळ्यात छान चालतं, पावसाळ्याच्या दमट हवेत नाही. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून टबाच्या एका टोकाला ठेवा, घरट्यावर नको. मी स्वतः एप्रिल-मेमध्ये नर सोडतच नाही. मार्चपर्यंतचं वेत मारून वेगळ्या डीप फ्रीजरमध्ये ठेवते, आणि साप त्यावर उन्हाळा काढतात.

थंडीत उलटं. डिसेंबरच्या रात्री मादीला कागदाच्या पट्ट्या भरपूर द्या, घरटं ती स्वतः बांधते.

गर्दी आणि नर

मादीचं पोट दिसू लागलं की, म्हणजे सोळाव्या-सतराव्या दिवशी, तिला वेगळ्या टबात हलवा. याची दोन कारणं. एक, व्यायल्यावर चोवीस तासांच्या आत ती पुन्हा माजावर येते. नर तिथंच असेल तर पाजता-पाजता गाभण राहते, आणि अंगावर पिल्लं असताना गर्भ रुजायला उशीर होत असल्यानं पुढच्या वेताची तारीखही सांगता येत नाही. दोन, एका टबात दोन माद्या असल्या आणि एकीची पिल्लं आठ दिवसांनी मोठी असली, तर ती मोठी पिल्लं धाकट्यांचं दूध पितात. रॅटला बारा सड असतात. चौदा पिल्लं झाली तर दोन-तीन त्याच दिवसांत व्यायलेल्या दुसऱ्या मादीकडे द्या, तिच्याच घरट्याच्या कागदात हलकेच घोळवून.

हवा आणि भुसा

टबाच्या उंचीवर नाक न्या. उभं राहून वास येत नाही याला अर्थ नाही, मादी चोवीस तास त्या उंचीवर असते. मुताचा झणका नाकाला जाणवला म्हणजे अमोनिया जास्त झालाय. त्यानं श्वासनलिकेचं अस्तर दुखावतं, आणि बहुतेक रॅटमध्ये दबून असलेला मायकोप्लाझ्मा हा जंतू वर डोकं काढतो. शिंका तिथून सुरू होतात.

फर्निचरच्या कारखान्यातला फुकटचा भुसा नको, त्यात प्लायवूडचा डिंक आणि धूळ असते. देवदार-पाइनचा वासाचा भुसाही नको. कागदाच्या पट्ट्या, किंवा उन्हात वाळवून चाळलेला तूस चालतो. साफ करताना जुन्या घरट्याचं मूठभर कोरडं सामान परत ठेवा. सगळंच नवं झालं तर मादीला ती जागा परकी होते.

खाद्य

फुकटात तपासता येतं ते आधी सांगितलं; इथं पैसे लागतात म्हणून हा भाग इतका खाली ठेवलाय, पण दूध कमी पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. गहू, ज्वारी, बाजरी यांत प्रथिनं दहा-बारा टक्क्यांच्या आसपास. पाजणाऱ्या मादीला वीस टक्क्यांच्या पुढं हवीत. भाकरी-भातावरची मादी स्वतः जाडजूड दिसते, चमकदार दिसते, आणि तरी तिला दहा पिल्लांचं दूध येत नाही. लोक फसतात ते इथं.

मी धान्याच्या भरड्यात भिजवून पिळलेल्या सोया वड्या घालते, कोरड्या वडीत निम्मी प्रथिनं असतात. व्यायल्यापासून एकवीस दिवस एक दिवसाआड उकडलेल्या अंड्याचा चतकोर. सोयाबीनचे दाणे घालायचे तर शिजवून, कच्च्या सोयाबीनमुळे प्रथिनं पचत नाहीत. जोडीला पिल्लू-कुत्र्यांचं कोरडं खाद्य मूठभर.

पशुखाद्याच्या दुकानातून काय आणू नये ते जास्त महत्त्वाचं. सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. ते म्हशीला पचतं, रॅटच्या नराला वांझ करतं. गायीच्या तयार खाद्यात बऱ्याचदा युरिया असतो, तो रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी. शेंगपेंड आणि मका पावसाळ्यात बुरशी धरतात, त्या बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषाला रॅट फार हळवा असतो. जुलै ते सप्टेंबर मी शेंगपेंड घरात आणत नाही. गोणीत हात घालून वास घ्या. कुबट आला तर गोणी परत.

मादीच

इथवर सगळं ठीक निघालं, मगच मादीकडे वळा. तीन महिन्यांच्या आत नर दाखवला असेल तर ती स्वतःच वाढतेय. वर्षाच्या पुढची असेल तर वेतं लहान होत जाणार, तिला मोकळं करा. आणि एकाच जोडीपासून भावंडांत भावंडं लावत चार-पाच पिढ्या काढल्या असतील, तर बाहेरून नवा नर आणा. तो तीन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं. नव्या जनावराबरोबर आजार आणि गोचिडासारखे बारीक माइट येतात, आणि ते माणसालाही चावतात. दोन वेतांत, सगळं मिळूनही, जिवंत धडधाकट पिल्लं मारणारी मादी मी पुन्हा लावत नाही. तिच्या लेकीही ठेवत नाही.

इथं थांबा आणि बोलवा

मादी कळा देतेय आणि तीन तासांत पिल्लू बाहेर आलं नाही, किंवा ताजं रक्त जातच राहिलं, तर त्याच रात्री पशुवैद्य. ओढायचा प्रयत्न करू नका.

सड लाल, गरम, दगडासारखे लागले, हात लावला की ती ओरडली, तर ती दगडी, म्हणजे सडांची सूज आहे, गायीला होते तशीच. पिल्लं दुसऱ्या मादीकडे, आणि ही डॉक्टरकडे.

शिंका एका टबातून दुसऱ्यात गेल्या, श्वास घेताना कुशी ओढल्या जातायत, आठवड्यात दोन मोठी जनावरं मेली, तर प्रजनन पूर्ण थांबवा. मेलेलं जनावर पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, गोठवू नका, आणि डॉक्टरांना शवविच्छेदनाविषयी विचारा. पाण्यात अंदाजानं प्रतिजैविक टाकू नका. अशी मेलेली किंवा औषध चालू असलेली जनावरं सापाला देऊ नका. किती दिवस थांबायचं ते डॉक्टरच सांगतील.

घरात किंवा गटारातून रानटी उंदीर येऊन टबाशी लागत असतील, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, पण विषाच्या वड्या नाकारा आणि पिंजरे, फटी बुजवणं एवढंच मागा. त्या उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस येतो. तसा पकडलेला उंदीर सापाला घालण्याचा विचारही नको.

आणि तुमच्यासाठी: रॅट चावल्यावर तीन ते दहा दिवसांत ताप, सांधेदुखी किंवा हातापायांवर पुरळ आलं, तर जनरल डॉक्टरकडे जा आणि पहिलं वाक्य हेच सांगा की घरी रॅट आहेत आणि चावला होता. न सांगितल्यास हा रॅट चावल्यानं येणारा ताप (रॅट-बाइट फीवर) डेंग्यू समजून चाचण्यांत दिवस जातात, आणि या आजारावर वेळेत दिलेलं साधं पेनिसिलिन चालतं.

सगळे पशुवैद्य रॅट बघत नाहीत. जवळच्या तीन दवाखान्यांना आजच फोन करून विचारा, रात्रीचं कोण बघतं तेही विचारा, आणि जो हो म्हणेल त्याचा नंबर रॅकवरच चिकटवा. जवळपास कुणीच नसेल तर मुंबईकडच्यांनी परळच्या आणि साताऱ्याकडच्यांनी शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आधी फोनवर बोलून घ्या, मग जनावर घेऊन निघा.